तीन नियमावल्या आणि एक शिंक

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
१७ नोव्हेंबर २०२४

श्री. पवन वसावे, शिक्षक, यांस

स.न.वि.वि. हे पत्र मैत्रीखातर लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू उगाच हवेत जायला नको. कामाचं पत्र आहे. फोनवर तू मला ब्लॉक करून सहा वर्षं होत आली. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग.

काम असं. टेबलाभोवती बसून गोष्टीचे खेळ खेळणाऱ्यांचं पुण्यात एक मंडळ आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यात शिरायचं, अडलं की फासा टाकायचा, म्हणजे आपण होस्टेलवर खेळायचो तेच. ते लोक वर्षाला एक अंक काढतात. आपल्या लहानपणी शाळा सुटल्यावर टीव्हीवर लागायचं ना, डबीत प्राणी पकडायचं ते जपानी कार्टून? त्यावरून चाहत्यांनी घरी बसून केलेल्या नियमावल्यांची तुलना त्यांना यंदा छापायची आहे. मी त्यांच्या ग्रुपवर जरा बोलून गेलो की आमच्या एकट्या नंदुरबार जिल्ह्यात अशा दोन नियमावल्या आहेत. ते म्हणाले, मग लिहाच. मुदत पंधरा फेब्रुवारी.

मी तीन घेतल्या आहेत. पहिली माझी, पानं दोनशे बारा, तक्ते चौसष्ट. तुला आठवत असेल, प्रत्येक प्राण्याची ताकद मी खताच्या गोणीसारखी तीन आकड्यांत लिहितो, दात:कातडी:धाव. तुझा मोहट्या १०:२६:२६ होता. दुसरी परदेशातल्या कुणा चाहत्याने इंटरनेटवर फुकट टाकलेली, पानं चारशे ऐंशी. तिसरी तुझी, पानं अकरा. तुझी छापायची तर तुझी लेखी परवानगी पाहिजे, असं मंडळाचं म्हणणं. माझं म्हणणं नव्हतं, हे लक्षात घे.

सध्याचे गुण शंभरपैकी असे: माझी ९१, परदेशी ७४, तुझी ४३. त्रेचाळीसमध्ये अक्षराचे पाच धरले आहेत. पक्षपात केला असं कोणी म्हणू नये.

जानेवारी २०१९ चा विषय मी काढणार नव्हतो. पण तू तोच मनात धरून बसला असशील, म्हणून एकदाच लिहितो. नंदुरबारला चुनीलाल मामांच्या मिरचीच्या पथारीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, भरदुपारी आपण खेळत होतो. बाहेर एकरभर लाल मिरची वाळत पडलेली. तिथे माणूस शिंकणार नाही तर काय करणार? म्हणूनच तर आपण ठरवलं होतं की फासा पडताना कोणी शिंकलं तर डाव बाद, परत टाकायचा. तुझा मोहट्या तापीच्या पुरात सापडला. वाचायला चार किंवा वर पाहिजे होते. फासा माझ्या, म्हणजे सांगणाऱ्याच्या, आडोशाच्या खोक्याआड पडला आणि मी एक सांगितला. तक्ता सतरा-ब प्रमाणे प्राणी गेला. तू म्हणालास, ललित शिंकला, डाव बाद. मी म्हणालो, शिंक फासा थांबल्यावर आली. आजही तेच म्हणतो. तापीमाईची शपथ, शिंक फासा थांबल्यावरच आली.

परवानगीचं तेवढं कळव.

आपला,
ललित पाटील
(कृषी सेवा केंद्र, बसस्टँडजवळ)

ब्राह्मणपुरी
८ डिसेंबर २०२४

पवन,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. ठीक आहे, शिक्षक लोकांना कामं असतात, आम्ही काय, दिवसभर गोण्यांवर बसून माश्या मारतो.

तुलना म्हणजे नुसत्या गप्पा नकोत, म्हणून मी प्रयोग लावला. आपण बियाण्याचा लावतो तसाच, तीन वाफे, पाणी एकच, खत एकच, मग बघायचं कोणतं उगवतं. तिन्ही नियमावल्यांना प्रसंग एकच दिला: केळीच्या बागेत केळफुलासारख्या तोंडाचा एक प्राणी बसला आहे, पुढे काय? खेळायला माझी पुतणी भाविका, सातवीत आहे, तिच्या दोन मैत्रिणी, आणि चौथी कामिनी. कामिनी म्हणजे माझी बायको. तू लग्नाला आला नाहीस म्हणून ओळख करून देतो.

पहिला वाफा माझा. केळफुल्या भाविकाच्या प्राण्याला एकदा चावला. आता दाताची ताकद, वजा कातडी, गुणिले हवामान, त्यात जमीन काळी की मुरमाड त्याचा वेगळा तक्ता, मी शिस्तीत करत होतो. कॅल्क्युलेटरचा सेल मध्येच गेला, दुकानातून दुसरा आणला. कामिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एक चावा नि चाळीस मिनिटं? अहो, मन्ही दाढ काढाले डॉक्टरले वीस मिनिटं लागनात!"

मैत्रिणींपैकी एक झोपली. मला ते खटकलं, पण त्या दिवशी तिच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. थकली असेल.

दुसरा वाफा परदेशी. शहाद्याला प्रिंट काढायला गेलो तर झेरॉक्सवाला विचारतो, दादा, परीक्षा कोणती, तलाठी का? वीस बाजूंचा फासा लागतो, तो शहाद्यात कोण देणार? हाउजीच्या सोंगट्यांतल्या एक ते वीस काढून पिशवीत टाकल्या. पहिला रविवार माणसं तयार करण्यात गेला. दुसऱ्या रविवारी हवामानाचा तक्ता निघाला आणि केळीच्या बागेत बर्फ पडला. कामिनी म्हणाली, "मग पंचनामा कराले कोण येई?" त्यावर अर्धा तास हसणं, खेळ तिथेच बसला. नियमावली तशी फार तोलामोलाची आहे हो, प्रत्येक प्राण्याला भुकेचे नियम, झोपेचे नियम. पण ब्राह्मणपुरीत चालायची नाही. तिथले प्राणी फार थंड हवेतले वाटतात.

तिसरा वाफा तुझा. पंधरा मिनिटं लागली. ठीक होता. मुली हसल्या वगैरे. झोपलेली मुलगी जागी होती. कामिनी भाजी निवडायची टाकून पुढे सरकली, पण ती सांधे आखडले म्हणूनही सरकली असेल.

मात्र तुझ्या मुख्य नियमाला माझा आक्षेप कायम आहे. 'प्राणी पकडायचा नाही. त्याला विचारायचं, येतोस का? नाही म्हणाला तर घरी जायचं.' पान सात, खालून तिसरी ओळ. अरे, पकडायचाच नाही तर खेळ कसला? सगळेच प्राणी नाही म्हणाले तर माणसाने काय रोज घरी जायचं?

सुधारित गुण: माझी ८२, परदेशी ६०, तुझी ५७.

परवानगी.

ललित

ब्राह्मणपुरी
२९ डिसेंबर २०२४

पवन,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन दुकानात सगळ्यांसमोर वाचून दाखवत होता, कार्डाचा हा तोटा. "पान सात, खालून तिसरी ओळ. म्हणजे वही तुझ्याकडे आहे. मी ती सहा वर्षं शोधतोय." बस. ना कसा आहेस, ना काही.

तरी तुझं अक्षर बघून मला किती आनंद झाला ते मी लिहिणार नाही.

वहीबद्दल. त्या दिवशी तू तडक उठून गेलास. मी कागद गोळा केले, त्यात ती आली. उचलली म्हणजे चोरली असं होत नाही. दुसऱ्या दिवशी पाठवणारच होतो. मग म्हटलं, तू आधी फोन करशील. मग म्हटलं, आधी मी का करू? असं करता करता कोरोना आला. मग लग्न. वही तिजोरीत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून. तुझ्या घरी उंदरांनी खाल्ली असती.

आता निघालंच आहे तर दुसरंही सांगतो. मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझी नियमावली प्रयोगापुरती खेळून बघितली. तसं नाही. गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी दुकानाच्या ओट्यावर मी गावच्या मुलींना तीच खेळवतो. आधी माझीच सुरू केली होती. तिसऱ्या रविवारी ओट्यावर मी आणि एक कुत्रं. मग चौथ्या रविवारी तुझी वही काढली. आता नऊ जणी येतात.

आणि मी त्यांना सांगितलं होतं की ही मी लिहिली.

भाविकाने परवा पकडलं. दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, हाई अक्षर तुमनं नही. तुमनं अक्षर तठे शे, पाटीवर. ते पडी ऱ्हायनं." माझं अक्षर कलतं, हे खरं. मी म्हणालो, मित्राचं आहे. "मग कोठे शे तो?" डोंगरात, काठी गावाच्या पुढे, आश्रमशाळेत. "मग बोलवा ना त्याले!" मी म्हणालो, तो येत नाही. तिने विचारलं, का? मी गिऱ्हाईक आलंय असं सांगून आत गेलो. गिऱ्हाईक नव्हतं.

रागाव. पण कार्डावर रागाव, मला वाचायला मिळेल.

गुण सध्या थांबवले आहेत.

ललित

ब्राह्मणपुरी
२६ जानेवारी २०२५

प्रिय पवन,

तुझं दुसरं कार्ड आलं. "वही असू दे. परवानगीचं नंतर बघू. मला एकच सांग, त्या दिवशी फासा काय पडला होता?"

आज झेंडावंदन झालं. भाविकाने भाषण केलं, मध्ये विसरली, पण सावरलं. थंडी यंदा बरी पडली आहे, हरभरा चांगला आहे, केळीवर करपा दिसतोय, लोक औषधाला येतात तेव्हा पानं घेऊन येतात, टेबल सगळं चिकट होतं. कामिनीने तुझ्या वहीतला एक प्राणी पाळला आहे, तो तुझा कुंपणातला सरड्यासारखा. त्याला ती डबीत ठेवत नाही. "डबीत कोंबाना नि मग तो दम कसा लेई?" म्हणते. रविवारी खेळ संपला तरी स्वयंपाकघरात त्याच्याशी बोलत असते. परवा मला वाढायच्या आधी त्याला वाढलं. रिकाम्या ताटलीत, पण आधी त्याला.

पुण्याचे लोक लेखासाठी मागे लागले आहेत. मी सांगितलं, तुलना बारकाईने चालू आहे.

तुमच्याकडे होळीची तयारी सुरू झाली असेल. आई कशा आहेत?

बाकी तू विचारलंस त्याबद्दल, शिंक फासा थांबल्यावरच आली. याउपर मला काही म्हणायचं नाही.

ललित

ब्राह्मणपुरी
९ फेब्रुवारी २०२५

पवन,

आज रविवार. ओट्यावरून आत्ताच मुली गेल्या. हात धुतले नाहीत, चहा घेतला नाही, आधी लिहायला बसलोय. नाहीतर परत हरभऱ्यावर घसरेन.

आज भाविकाचा प्राणी पुरात सापडला. मी सापडवला नाही, तिनेच हट्टाने नदीत घातला. टाक म्हटलं फासा. तिने टाकला तो घरंगळत माझ्या आडोशाच्या खोक्यामागे, गोण्यांच्या फटीत गेला. मी वाकलो तर माझं पोट आड येतं. भाविका शिरली आत. तिथे तिच्याशिवाय कोणालाही काही दिसत नव्हतं. ती बराच वेळ आत राहिली. मग बाहेर आली, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, "एक."

मी म्हणालो, नीट बघितलंस का? अंधार आहे आत. म्हणजे मी तिला सरळ वाट काढून देत होतो. बाकीच्याही म्हणाल्या, परत टाक, परत टाक. ती म्हणाली, "एकच पडना, काका. मी दखं."

बारा वर्षांची पोर. दोन वर्षं जपलेला प्राणी.

तर ऐक. शिंक फासा थांबल्यावरच आली, हे मी सहा वर्षं सगळ्यांना सांगतोय आणि ते खरं आहे. फासा पाचावर थांबला होता. मग शिंक आली. आणि ती शिंक खोटी होती. फासा खोक्याच्या कडेला होता, तुला दिसला असता, म्हणून मी शिंकेचं सोंग करून खोकं हलवलं. तो माझ्या बाजूला पडला, मी तो मुठीत घेतला आणि एक सांगितला. पथारीवर हजार माणसं खऱ्या शिंका देतात रे. तिथे बसून खोटी शिंक देणारा मी एकटाच निघालो.

का केलं ते सांगतो. दोनशे बारा पानं मी तीन वर्षं लिहीत होतो. चौसष्ट तक्ते. तू अकरा पानं एका रात्रीत खरडलीस आणि वर मोहट्या आणलास. मोहाची फुलं खाऊन कायम पेंगणारा, लढाईच्या ऐन वेळी समोरच्याला "जेवला का रे?" विचारणारा. जागृती आपल्याबरोबर खेळायची, ती हसून हसून शेडच्या बाहेर पळायची. मी सांगणारा होतो, पवन. टेबलाच्या मधोमध मी बसलेलो. आणि माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. मला जळायला झालं. मिरचीने नाही, तुझ्यामुळे. याला दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

मला वाटलं तू भांडशील. त्याची मी तयारी ठेवली होती, तक्ता, पान, ओळ, सगळं. तू रडलास. त्याला माझ्याकडे तक्ता नव्हता. मोहट्याची बोलायची ढब तुझ्या आईची होती, तू घरापासून लांब राहून ती रोज ऐकायला मिळावी म्हणून त्याच्या तोंडी घातली होतीस, हे जागृतीने मला महिनाभराने सांगितलं. मी म्हणालो, मग आधी नको का सांगायला! असा मी माणूस.

पुण्याला आज कळवतो की लेख नाही. तुझी परवानगी मागायचाच मला हक्क नव्हता. माझी नियमावली मीही मागे घेतो. तिला खरे गुण वीस, आणि तेही बायंडिंगचे.

वही उद्या रजिस्टरने पाठवतो. कामिनी म्हणाली, झेरॉक्स तरी काढून ठेवा, पोरी रविवारी काय खेळतील? काढली नाही. मुलींना मी आज सगळं सांगितलं, शिंकेसकट. भाविकाने फासा माझ्या हातात दिला आणि चप्पल घालून गेली. पुढच्या रविवारी ओटा रिकामा राहणार, हे मला माहीत आहे.

माफ कर म्हणत नाही. मागितल्यावर मिळते ती माफी कसली, असं नाही, मागायचीच आहे. पण पत्रात नको. समोर मागायची आहे. येऊ का?

ललित

ब्राह्मणपुरी
२४ मार्च २०२५

पवन्या,

तू अजून ब्लॉक काढलेला नाहीस, म्हणून पत्रच. कालचं सगळं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो. मला ते एकदा लिहून बघायचं आहे.

"वही मिळाली. होळीला येऊ नको, गर्दीत बोलणं होत नाही. नंतरच्या रविवारी ये. ती 'एक' सांगणारी मुलगी येत असेल तर तिला आण." हे कार्ड मी खिशात ठेवूनच निघालो. भाविका महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. कार्ड दाखवल्यावर म्हणाली, मी येते, पण तुमच्या शेजारी बसणार नाही. शहादा ते अक्कलकुवा ती पुढच्या सीटवर. देवगोईच्या घाटात तिला ओकारी आली तेव्हा आली माझ्याजवळ. घाटाचे उपकार झाले.

मोलगीहून जीपच्या मागे लटकून येताना मी पूर्ण भाषण तयार केलं होतं. तीन मुद्दे होते. तू शाळेच्या ओसरीत पोरांच्या घोळक्यात बसला होतास, टक्कल पडलंय तुला, मी ओळखलंच नाही पटकन. मी तोंड उघडलं तर तू बोटाने जमीन दाखवलीस.

"बस. खेळ चालू आहे."

बसलो. एका बाजूला तिसरीतला, एका बाजूला दुसरीतली. सगळी तुमच्या बोलीत बोलतात, मला दहातला एक शब्द कळत होता. भाविकाला मात्र काही अडत नव्हतं, ती पाचव्या मिनिटाला त्यांच्यात मिसळली, खुणा करत, ओरडत. एक पोर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तू सांगितलं नाहीस काय म्हणालं. पोटाबद्दल असणार.

मग माझी पाळी आली. तू म्हणालास, कड्यावर एक म्हातारी साळिंदर बसली आहे, फार जुनी, अंगावरचे काटे पांढरे झालेले. एकेकाळी माणसांत राहायची. आता राहत नाही. तुला काय करायचंय?

मला फासाही दिला नाहीस. मी तीन मुद्द्यांचं भाषण पार विसरलो. मी म्हणालो, "मी तिला सांगतो की मी खोटं बोललो होतो." तू म्हणालास, "ते तिला माहीत आहे. पुढे?" मी म्हणालो, "मी चुकलो. मला माफ कर." माझा आवाज असा फाटला की दुसरीतली पोर माझ्यापासून सरकून बसली. मग म्हणालो, "माझ्याबरोबर येतेस का?"

तू डोळे मिटलेस. किती वेळ मिटलेस रे! मागे तुमच्या त्या कोंबड्याने दोन फेऱ्या मारल्या. मग डोळे उघडून म्हणालास, "नाही म्हणते."

तिसरीतला लगेच मराठीत, मला कळावं म्हणून, "आता घरी जा."

नियम म्हणजे नियम. मी उठलो, पिशवी घेतली. भाविका उठली, तिचं तोंड उतरलेलं, पण तिनेही काही हुज्जत घातली नाही. दिवलीबाई, तुझ्या आई, आतून धावत आल्या, भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून भाविकाच्या हातात कोंबली आणि तुझ्याकडे बघून काहीतरी जोरात बोलल्या. तेही मला कळलं नाही, पण तुझी मान खाली गेली, एवढं मी बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

फाटकापर्यंत आलो. मागे पावलं वाजली. मी वळलो नाही, म्हटलं पोरगं असेल कोणी. तू होतास. चपला न घालता आलेला. माझ्याकडे बघत नव्हतास, समोरच्या डोंगराकडे बघून बोललास.

"ती नाही म्हणते, पण आज नाही म्हणते. पुढच्या रविवारी विचारून बघ, म्हणते."

आणि परत गेलास. भाविका रस्ताभर माझा हात धरून चालली. जीपमध्ये भाकरी खाल्ली आम्ही दोघांनी, चटणीने तोंड पोळलं, तरी खाल्ली.

रविवारी पाडवा आहे. दुकानाची पूजा असते, घरी गोडाचं असतं, माणसं येतात. कामिनीला सांगितलं, मी नसेन. ती म्हणाली, "तुम्ही एकलाच कसा जाशात? मी बी येस." तिला साळिंदरीशी काही बोलायचं आहे म्हणे. काय ते मला सांगत नाही.

पोस्टाचा काही भरवसा नाही. हे पत्र आधी पोचलं तर तिला सांगून ठेव, ललित येतोय. नाही पोचलं तर मी येऊन विचारतोच.

तुझा,
ललित